न गंजणारे आठ नट

वर्षावास लागला की आमच्या घरात दोन कामं रोजची होतात. बायको, शांताबाई, संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात ग्रंथवाचनाला जाते, आणि मी दुकानात लोखंड पुसत बसतो. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने हाच क्रम. हवेत इतकं पाणी असतं की काल घासून ठेवलेल्या रॉडवर आज तांबूस ठिपके उमटलेले असतात. नीट बघितलं तर कधीकधी ते ठिपके बोटांच्या ठशाच्या आकाराचे असतात. माणसाच्या घामात मीठ असतं ना. जिथं हात लागला, तिथूनच गंज धरतो.

मंगळवार पेठेत माझं दहा बाय बाराचं दुकान आहे आणि त्यात एक लेथ आहे. पंच्याहत्तरी ओलांडली तरी शटर मीच उघडतो. मुलगा कोथरूडला सोसायटीत राहतो, म्हणतो, आबा, आता पुरे. मी म्हणतो, तुझं ऑफिस तुला पुरे वाटलं की मला सांग. शाळा मी चौथीतून सोडली. पुढचं सगळं लेथवर शिकलो, त्यामुळं ह्या लिखाणात पंडिती शोधू नका. शुद्धलेखन नातीनं तपासलंय. चुकलं असेल तर तिला बोला.

यंदाही पुसतोय. पण हात ठरत नाही. पुसून झालेलं पुन्हा पुसतो. तेलाचा फडका खाली ठेवतो, परत उचलतो. भाद्रपदातली ही ओली दुपार, समोरच्या पत्र्यावर टपटप, नदीकाठच्या मैदानातून येणारा ढोलांच्या सरावाचा आवाज, आणि मी खुर्चीत बसतो, उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. दोन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत मी असाच येरझाऱ्या घालत होतो.

गंज म्हणजे आमच्या धंद्यातली बेअब्रू. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी उभा राहिलो, ते गंजलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात पडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, वस्तू वाकली तर वापरणाऱ्याची चूक, गंजली तर आपली. हे मी इतकं मनावर घेतलं की घरातल्या खिडकीच्या बिजागऱ्याही दर श्रावणात उतरवून तेलात बुडवतो. शांताबाई म्हणते, "अहो, मला सांधेदुखीचं तेल आणायला सांगितलं तर आठवडा लावता, आणि खिडकीचे सांधे बघा कसे मऊ!"

माझी नात प्रज्ञा समुद्रातल्या मुशी आणि पाकटांवर काम करते. मुशी म्हणजे शार्क, बाजारात तिलाच मोरी म्हणतात. पाकट म्हणजे तो चपटा, चाबकासारख्या शेपटीचा मासा. आपण पुण्याच्या लोकांनी दोन्ही बघितले ते रश्श्यात. शांताबाईनं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "एवढं शिकून त्या मोरीच्या मागं फिरायचं? ती तर आपण खाल्ली की गं!" प्रज्ञा हसली आणि म्हणाली, "म्हणूनच कमी झाल्यात आजी."

तिचं काम असं. मच्छीमारांच्या जाळ्यात मुशी जिवंत सापडली की ह्यांचा गट तिला होडीला लागून पाण्यातच धरून ठेवतो. डोळ्यांवर ओलं फडकं, तोंडात समुद्राच्या पाण्याची नळी, म्हणजे तिचा श्वास चालू राहतो. मग पाठीवरच्या तिकोनी पराला बारीक भोकं पाडून साबणाच्या वडीएवढं यंत्र बसवतात. टॅग म्हणतात त्याला. चार प्लॅस्टिकचे बोल्ट, चार नट. मुशी सोडून द्यायची. ती पाण्याच्या वर आली, पर उघडा पडला, की यंत्र वरच्या उपग्रहाला ठावठिकाणा कळवतं. ती कुठं जाते, कुठं पिल्लं घालते, कोणत्या महिन्यात कोणत्या पाण्यात असते, हे समजलं तर तेवढ्या जागी तेवढे दिवस जाळी टाकू नका असं सांगता येतं. मला हे पटलं. यंत्राला जसं कुठं तेल द्यायचं ते आधी माहीत हवं, तसंच.

त्या वर्षी आषाढात तिचा फोन आला. ती कोकणात होती, किनाऱ्यावरच्या एका गावात खोली घेऊन. मासेमारी बंद होती, नारळी पौर्णिमेनंतर होड्या जाणार होत्या. टॅगबरोबर परदेशातून आलेल्या पाकिटात चार टॅगांना पुरतील एवढे नट कमी निघाले होते.

"आबा, एवढेसे नट आहेत. माप पाठवते. कराल?"

"करीन म्हणजे काय? कधी नाही म्हटलंय?"

"साध्या लोखंडाचे करा हां. कोटिंग नको, पॉलिश नको. अगदी साधे."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. ती घाईत होती, आणि मी "का" म्हणून विचारणाऱ्यातला नाही. विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही असं होतं, हा माझा आयुष्यभराचा हिशेब.

साधं लोखंड का म्हणाली असेल, ते मी माझ्या मनानंच ठरवलं. पोरीकडं पैसे कमी असतील. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून स्वस्तातलं सांगितलं असेल. शिकलेल्या लोकांना मालातलं काय कळतं? खाऱ्या पाण्यात साधं लोखंड म्हणजे उसाच्या रसात साखर. महागाचं यंत्र एका गंजक्या नटापायी समुद्राच्या तळाला जाईल, आणि लोक म्हणतील, आजोबांनी करून दिले होते. छे. माझ्या नातीचं काम माझ्या हातून गंजणार नाही.

मी स्टेनलेसचा रॉड आणला. त्यातही चांगल्यातला, समुद्रावर चालणारा. ज्यांनी स्टेनलेस कापलंय त्यांना माहीत आहे, तो माल किती चिवट असतो. टूल जरा थांबलं की तिथंच घट्ट होऊन बसतो. कीस तुटत नाही, सुरीसारखा लांबच लांब वळवळत येतो. एवढ्याशा नटात आटे पाडताना दोन टॅप मोडले. पण एकेक नट असा उतरला की व्हर्नियरनं मापावं आणि व्हर्नियरनं लाजावं. चार टॅगांचे सोळा नट, आणि वर दोन जास्तीचे. कडा मारल्या, पुसले, कागदात गुंडाळले आणि कुरिअरला दिले. त्या आठवड्यात मी लेथसमोर शिट्टी वाजवत होतो असं शांताबाई सांगते. मला आठवत नाही. पण खोटं बोलणारी बाई ती नव्हे.

ताजा कापलेला नट स्टेनलेसचा की लोखंडाचा, हे नुसतं बघून परक्याला सांगता येत नाही. लोहचुंबक लावला असता तर तो चिकटला नसता आणि तिला लगेच कळलं असतं. तिनं का लावावा? आबांनी केलेत म्हटल्यावर.

नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याभरात पहिली मुशी सापडली आणि टॅग लागला. भाद्रपद लागला तशी प्रज्ञा दोन दिवस पुण्याला आली. कोथरूडच्या घरी आम्ही सगळे जमलो. तिनं टीव्हीला मोबाईल जोडून आम्हाला चित्रफीत दाखवली. होडीच्या बाजूला ती करडी, ओली, माणसाहून लांब पाठ. ते फडकं. प्रज्ञाचा हात, हातमोजा, आणि त्या पराला माझा नट आवळताना तिची चिमटी. मी खुर्चीत पुढं सरकलो. सूनबाईला म्हटलं, "बघ, तो माझा."

प्रज्ञा सांगत होती, "आणि ह्यातली गंमत म्हणजे आबांचे नट. ते मुद्दाम साध्या लोखंडाचे घेतो आम्ही. खाऱ्या पाण्यात हळूहळू गंजतात. वर्ष-दीड वर्षात यंत्राचं काम संपत येतं, तोवर नट गळून पडतात. टॅग सुटतो, मुशी मोकळी. नाहीतर बिचारीनं जन्मभर का वागवायचं ते? त्यावर शेवाळं धरतं, कालवं बसतात, ओझं वाढतं, पर फाटतो."

सूनबाई म्हणाली, "किती छान!"

मी चहाचा कप खाली ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, तिथंच सांगून टाकायचं. एक वाक्य होतं. पोरी, मी लोखंडाचे केले नाहीत. पण सगळे बसले होते. मुलगा कौतुकानं माझ्याकडं बघत होता, तो वर्षातून एकदा बघतो. आणि पन्नास वर्षांत माझं एक काम परत आलं नाही हे मी त्याच घरात, त्याच खुर्चीत, कितीदा सांगितलंय. मी म्हणालो, "जरा पाय मोकळे करून येतो," आणि जिने उतरलो. खाली सोसायटीच्या फाटकापाशी उभा राहिलो. दुचाक्या जात होत्या, येत होत्या. वॉचमन म्हणाला, "काका, रिक्षा हवीय का?" मी म्हणालो, "नको." मला काय हवंय ते मलाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती कोकणात परत गेली. तिच्या पिशवीत अजून तीन टॅगांचे नट होते.

नऊ दिवस. ते नऊ दिवस कसे गेले, हे नीट सांगता येणार नाही, कारण ते सलग आठवतच नाहीत. तुकडे आठवतात. लेथ चालू करून पुढ्यात काहीच न लावता उभा राहिलेला मी. जेवताना तोंडातला घास गिळायचा विसरलेला मी. मंडईत शांताबाई पालेभाजीवाल्याशी हुज्जत घालतेय आणि मी शेजारच्या तराजूचा काटा नुसता बघतोय. खाली, वर, खाली. पाऊस येईना धड, जाईना धड. अंगाला कपडे चिकटलेले. भिंतीला हात लावावा तर भिंतही घामेजलेली. आणि डोक्यात सतत ती करडी पाठ. आता कुठं असेल? खडकाला घासून नट काढायचा प्रयत्न करत असेल का? मग स्वतःलाच म्हणायचो, गाढवा, घासून निघायला तो काय बाजारातला नट आहे?

मी स्वतःला नाही नाही ते पटवत होतो. प्लॅस्टिकचा बोल्ट झिजेल. एखादा नट आपोआप सैल पडेल. माझा नट सैल पडेल, अशी आशा मी करत होतो! कुणी माझ्या तोंडावर असं म्हटलं असतं तर त्याला दुकानाबाहेर काढला असता.

नवव्या संध्याकाळी शांताबाई म्हणाली, "आज चला विहारात. घरात तुमची नुसती ये-जा बघून मला चक्कर यायला लागलीय." गेलो. शेवटच्या रांगेत बसलो. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून म्हणत आलोय, झोपेतही चुकणार नाही. पहिलं शील, जिवाला इजा न करण्याचं, मी म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं माझे ओठच हलले नाहीत. शेजारचा माणूस म्हणत होता, पुढची बाई म्हणत होती, शांताबाईचा आवाज त्यात ओळखू येत होता, आणि मी तोंड मिटून बसलो होतो. खोटं मी बोललोच नव्हतो. नुसता गप्प बसलो होतो. पण त्या क्षणी तेवढी पळवाटही मला पुरेना.

वाचन चालू असतानाच उठलो. विहाराच्या पायरीवर बसून प्रज्ञाला फोन लावला.

"आबा? ह्या वेळी? आजी बरी आहे ना?"

"आजी बरी आहे. ते नट लोखंडाचे नाहीत. स्टेनलेसचे आहेत. मी बदलले."

तिच्या मागं समुद्राचा की वाऱ्याचा आवाज येत होता.

"तुला कमीपणा येऊ नये म्हणून केले. चांगल्यातला माल लावला."

"किती चांगल्यातला?" तिनं विचारलं.

"गंजणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

मग म्हणाली, "आबा, हे तुम्हाला कोथरूडलाच कळलं होतं. मी सांगितलं तेव्हा."

"हो."

"परवा दुसरी मुशी लावली आम्ही. तुमचेच नट."

पहिल्या मुशीचं मी कुणालाही सांगू शकतो. ती अडाण्याची चूक होती, हट्टी म्हाताऱ्याची, माफ करा म्हणता येतं. दुसरी चूक नव्हती. दुसऱ्या मुशीच्या पाठीतले चार नट माझ्या गप्प बसण्यानं आवळलेत.

प्रज्ञा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. ती म्हणाली, "उरलेले आठ आणि जास्तीचे दोन बाजूला काढते. पण मला हे अहवालात लिहावं लागेल."

"लिही."

"नट पुरवणाऱ्याकडून चुकीचा धातू वापरला गेला, असं लिहीन."

"वापरला गेला म्हणजे काय? आपोआप गेला? माझं नाव लिही. वडिलांच्या नावासकट पूर्ण."

"आबा, तशी पद्धत नसते."

"पद्धत नसेल तर पाड. मोघम लिहिलंस तर उद्या कुणीतरी रॉड विकणाऱ्या दुकानदाराला नाहीतर कुरिअरवाल्याला धरेल. काम माझं होतं. चांगलं झालं असतं तर मी नाव सांगत फिरलो असतो की नाही?"

तेव्हा ती एकदाच हसली. रडल्यासारखी. "फिरलाच असता," म्हणाली.

नाव लिहिलं तिनं. अहवाल इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. पण माझं नाव कसं दिसतं ते मी तिच्याकडून दाखवून घेतलं आणि त्यावर बोट ठेवून बघितलं.

मग मी गंजणारे नट करायला बसलो. हसू नका, सोपं काम नाही ते. साधं लोखंड लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, त्यात काही मर्दुमकी नाही. पण पहिले चार झाल्यावर बघतो तर माझ्याच हातांनी ते तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवलेले! सवय. साबण-सोड्यानं धुऊन काढले. आणि नटाची भिंत किती जाड ठेवायची? पातळ केली तर दोन महिन्यांत पडेल, यंत्र फुकट. जाड केली तर बसून राहील. प्रज्ञानं मूळ पाकिटातला एक नट मापाला पाठवला. तरी माझं समाधान होईना. मी मंडईतून जाडं मीठ आणलं, गॅलरीत बादली मांडली आणि वेगवेगळ्या जाडीचे नट दोऱ्याला बांधून त्यात सोडले.

शांताबाईनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, फोडणी कधी घालायची ह्याला?"

"कशाला?"

"लोखंडाचं लोणचं घातलंय ना?"

रोज सकाळी चहाच्या आधी मी दोरा वर ओढायचो. पाणी तांबडं होत गेलं. नटाच्या अंगावर पोपडे धरले, कडा खचल्या, आटे दिसेनासे झाले. सगळा जन्म ज्याला खरवडून काढला, त्याच्याकडं मी पहिल्यांदा नीट बघत होतो. गंजालाही शिस्त असते. तो एकदम खात नाही. कोपरा धरतो, मग आत शिरतो. हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. अर्थात बादली म्हणजे समुद्र नव्हे. पण मूळच्या नटाशेजारी माझा नट टांगून कोण किती खचतो ते जुळवता आलं. अश्विन पौर्णिमेच्या आत आठ नट कोकणात पोचले. ह्या वेळी मी पुडीत लोहचुंबकाचा एक तुकडाही टाकला. चिठ्ठी लिहिली, "लावून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नको."

तिसरी आणि चौथी मुशी त्या नटांवर गेली.

त्यानंतर प्रज्ञानं माझ्या मोबाईलवर नकाशा लावून दिला. निळ्या पाण्यात चार ठिपके. पहिली दक्षिणेला कारवारच्याही खाली गेली. दुसरी किनारा सोडून आत, खोल पाण्यात. ती महिना महिना वर यायचीच नाही, आणि ठिपका एका जागी अडकून पडला की माझं दुकानात लक्ष लागायचं नाही. मग एका सकाळी तो पार वेगळ्याच ठिकाणी दिसायचा आणि मी दारातून ओरडायचो, "शांते, आली गं!" ती आतून म्हणायची, "कोण? दूधवाला?"

गेल्या वर्षी अश्विनाच्या सुमाराला प्रज्ञाचा फोन आला. "आबा, तिसरीचा टॅग तरंगतोय! सारखा सिग्नल देतोय. सुटली ती!" नट गळले होते. माझ्या हातचं काम तुटल्याची बातमी आयुष्यात पहिल्यांदा आली, आणि मी शटर अर्ध्यावर ओढून जिलबी आणायला गेलो. दिवाळीनंतर चौथीही सुटली.

पहिली आणि दुसरी मात्र त्यानंतरही दिसत राहिल्या. आधी आठवड्यातून, मग महिन्यातून. ह्या आषाढात त्याही बंद झाल्या. नकाशावर आता काहीच नाही, नुसतं निळं पाणी. तरी मी सकाळी उघडतोच.

गेल्या रविवारी कोथरूडला गेलो होतो. प्रज्ञा आली होती. मी विचारलं, "त्या दोघी मेल्या तर नाहीत ना?"

"नाही आबा. बॅटरी संपली असणार. आता त्या कुठं आहेत हे आपल्याला कळणार नाही, एवढंच."

"आणि टॅग?"

"असेल अंगावर. बोल्ट झिजून पडलाही असेल. सांगता येत नाही."

"मुशी जगते किती गं?"

ती चष्म्याची काच ओढणीनं पुसत होती. वर बघून मऊ आवाजात म्हणाली, "पुष्कळ जगते. दोघी तरुणच होत्या. तुमच्यानंतरही असतील त्या."

मला बरं वाटावं म्हणून बोलली ती. मी मान हलवली आणि बसस्टॉपवर येऊन उभा राहिलो. एक बस आली, गेली. दुसरी आली, तिच्यातही चढलो नाही. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाची हीच इच्छा असते की आपण गेल्यावर आपलं काम मागं राहावं. कुणाचं फाटक राहतं, कुणाचा जिना, कुणाचं एखादं पुली-चाक. माझे आठ नट राहतील. दोन जिवंत पाठींत, जिथं कुणाचा हात पोचणार नाही अशा पाण्यात, चकचकीत.